कौसामावशीचा पाय

कौसामावशी प्रयोगाला बसताना उजव्या पायातली चप्पल काढून ठेवायच्या. डाव्या पायातली तशीच. आणि तो अनवाणी उजवा पाय शिलाई मशीनच्या पायडलवर. समोर मशीन नाही. मशीन घरी, मुकुंदवाडीला. पायडलमधून निघालेली काळी वायर मातीवरून एका लोखंडी डब्यात शिरायची आणि त्या डब्यातून पुढे आमच्या अठरा फुटी दरवाजाच्या मोटरींकडे जायची. मावशींनी पाय दाबून धरला असेल तरच दरवाजा हलणार. पाय उचलला की जिथल्या तिथं थांबणार. मग तिकडे मागे मी माझ्या परदेशी कन्सोलवर बोटं आपटू दे, नाहीतर डोकं.

"चप्पल का काढता?" मी एकदा विचारलं.

"चपलीतून कळत नाय," मावशी म्हणाल्या. "तू हातमोजे घालून बटनं दाबतो का?"

मला तो सगळा प्रकार तेव्हा अडाणीपणाचा वाटायचा. मी इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनिअर, पुण्यात दोन वर्षं काढून परत आलेला, म्हणजे अर्धवट शहाणा. माझ्या एवढ्या देखण्या यंत्रणेच्या शेवटी काय, तर एका बाईचा पाय! कोणाला सांगायचीही सोय नव्हती.

तर झालं होतं असं. आमच्या संभाजीनगरच्या एका नाट्यसंस्थेनं शहराच्या इतिहासावर महानाट्य काढलं. महानाट्य म्हणजे नाटकच, फक्त त्यात घोडे असतात आणि घोड्यांपुढे संवाद ऐकू येत नाहीत. बावन्न दरवाजांचं शहर, तेव्हा रंगमंचावर एक तरी दरवाजा पाहिजेच, असा अध्यक्षांचा हट्ट. अध्यक्ष म्हणजे त्या संस्थेचे अध्यक्ष. त्यांना स्वतःचं नाव होतं, पण ते कोणी वापरायचं नाही. घरचेसुद्धा त्यांना अध्यक्षच म्हणायचे. लोखंडी सांगाडा, त्यावर प्लायवूड, त्यावर रंगवलेलं कापड असा दरवाजा तयार झाला. त्याचे दोन पल्ले दोन बाजूंनी रुळावरून सरकत यायचे आणि मधोमध मिटायचे.

पूर्वी अशा कामाला दिव्यांचा माणूस वेगळा, पडद्यावर चित्रं सोडणारा वेगळा आणि ढकलाढकली करणारे चार गडी वेगळे असायचे. त्यांचं एकमेकांशी पटायचं नाही, त्यामुळे सूर्य मावळून गेल्यावर पाच मिनिटांनी संध्याकाळ व्हायची. मी अध्यक्षांना म्हणालो, "सर, सगळं एका कन्सोलवर आणतो. दिवे, व्हिडिओ, दरवाजा. एक माणूस, एक बटन." अध्यक्षांना 'एक माणूस' हा भाग फार आवडला.

आणि मी ते केलंही. दिव्यांचा कन्सोल म्हणजे बटनं, वरखाली सरकणाऱ्या पट्ट्या आणि दोन पडदे असलेलं एक टेबल. ते टेबल बिचारं फक्त आकडे पाठवतं. शून्य म्हणजे दिवा बंद, शंभर म्हणजे पूर्ण पेटलेला. तो आकडा दिव्याला गेला काय, व्हिडिओच्या कॉम्प्युटरला गेला काय नि मोटरीला गेला काय, कन्सोलला त्याचं सोयरसुतक नाही. माझ्या लेखी दरवाजा हा एक दिवाच होता. शून्य म्हणजे बंद, शंभर म्हणजे सताड उघडा. एक बटन दाबलं की सूर्य मावळायचा, पल्ल्यांवर दगडी चिऱ्यांचं चित्र उमटायचं आणि दरवाजा मिटायचा. पहिल्यांदा ते जमलं तेव्हा मी स्वतःच टाळ्या वाजवल्या.

तिसऱ्या दिवशीच्या तालमीत दिग्दर्शक ओरडले, "अंधार!" मी मुख्य पट्टी झर्रकन खाली ओढली. सगळं शून्य. दिवे शून्य, व्हिडिओ शून्य, आणि अर्थातच दरवाजाही शून्य. म्हणजे बंद, आणि तोही पूर्ण वेगानं. काळोखात "अरे मेलो!" असं ऐकू आलं. दिवे लावून बघतो तो राजा दरवाजाच्या अलीकडे आणि राजाचा झगा दरवाजाच्या आत. झग्याचा मागचा पडदा टरकून राजा आपल्या घरच्या पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीवर उभा.

कपडेपटाच्या तंबूतून एक बाई बाहेर आली. ठेंगणी, काळीसावळी, गळ्यात मापाची टेप, ओठांत चार टाचण्या. कौसामावशी साळवे. तो झगा तिनं आठ दिवस खपून शिवला होता.

"कोनी केलं हे?" टाचण्या न काढताच तिनं विचारलं. राजानं माझ्याकडे बोट दाखवलं. राजे लोक असेच असतात.

मी तिला पाच मिनिटं समजावून सांगितलं. आकडे, शून्य, मुख्य पट्टी. ती ऐकत होती. मग एकेक टाचणी काढून टेपला टोचत म्हणाली, "म्हंजे तुला दिव्यातला अन् दारातला फरक कळत नाय."

"मला कळतो हो मावशी. कन्सोलला कळत नाही."

"मंग ज्याला कळतो त्याला बसव की तिथं."

ती चूक मी त्याच दुपारी दुरुस्त केली, दोन मिनिटांचं काम होतं. मुख्य पट्टीपासून दरवाजा तोडून टाकला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी आपल्या मशीनचं पायडल पिशवीत घालून हजर, आणि मागे दगडूभाऊ. दगडूभाऊ हे त्यांचे यजमान, आमचे सुतार, फिटर आणि इलेक्ट्रिशियन. पूर्वी वाळूजच्या एका कारखान्यात पत्रे दाबणाऱ्या प्रेसवर होते. तिथं उजव्या हाताची तीन बोटं गेली आणि मग ते नाटकाच्या कामाला लागले. माणूस दिवसाला दहा शब्द बोलायचा, त्यातले आठ 'हं' असायचे. त्यांनी उरलेल्या दोन बोटांत पक्कड धरून दुपारपर्यंत ते पायडल मोटरींच्या वाटेत बसवलं. मी अध्यक्षांकडे तक्रार केली. पण राजानं जाहीर करून टाकलं, मावशी बसत असतील तरच मी त्या दरवाजातून जाईन, नाहीतर प्रजेनं दुसरा राजा बघावा.

अशा रीतीनं माझ्या 'एक माणूस, एक बटन'चे दोन माणसं आणि एक पाय झाले.

मावशींशी बोलता यावं म्हणून मी त्यांना कानाला लावायचा हेडफोन दिला. ही माझी दुसरी चूक. दरवाजा पन्नास मिनिटांच्या अंकात तीनदा हलायचा. उरलेल्या वेळात मावशी माझ्या कानात अख्ख्या महानाट्याचं समालोचन करायच्या. "बग, राजा आता छाती काढंल. सकाळी बायकोनं दळन आनायला पाठवला व्हता, गपगुमान गेला." "ती दासी हाय ना, तिला नाचताना मोजायची सवय हाय, तोंड बग, एक-दोन-तीन." "घोड्याला जास्त कळतं, संवाद चालू झाला की शेपूट हलवतंय." माझं हसून बटन चुकायचं. हात तुरपाई करत असायचे, पाय पायडलवर, तोंड सगळ्यांवर. डोळे मात्र दोन पल्ल्यांमधल्या फटीवरून कधी हलायचे नाहीत. मी "मावशी, तयार?" म्हटलं की गप्पा तिथंच तुटायच्या. "हाय," एवढंच यायचं. दरवाजा मिटला की "गेला," आणि पुन्हा राजाच्या बायकोची गोष्ट सुरू.

मला त्यांनी नाव ठेवलं होतं बटनराव. "बटनराव, जेवला का?" "बटनराव, दाढी कर, राजापेक्षा तूच म्हातारा दिसतोय." डब्यात भाकरी आणि ठेचा जास्तीचा असायचा, तो माझाच. त्या फाटलेल्या झग्याचं जरीचं कापड उरलं होतं, त्याचं त्यांनी माझ्या कन्सोलला पांघरूण शिवलं. आतून मऊ अस्तर, कोपऱ्यांना नाड्या. "धूळ जाती तुझ्या बयेत," म्हणाल्या. कन्सोलला त्या बया म्हणायच्या. अख्ख्या मराठवाड्यात जरीचा झगा घातलेला कन्सोल माझ्या एकट्याकडे होता, आणि मला त्याचा अभिमान वाटायचा हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. मी घाई केली, चिडलो, 'पाय जरा लवकर दाबत जा' म्हणालो, की त्या म्हणायच्या, "दाबायला काय, माकड बी दाबतं. सोडायचं कधी ते कळाया पायजे."

आठ प्रयोग निर्वेध झाले. नवव्याला पहिल्या रांगेत बडे पाहुणे आले होते. आमचा मराठवाडाभरचा दौरा ठरायचा की नाही हे त्यांच्या मान हलवण्यावर होतं, आणि दौरा नाही तर माझं कामही नाही, हे अध्यक्षांनी मला दोनदा बजावलं होतं. शेवटचा प्रसंग. शत्रू येतोय, नगारे वाजताहेत, दरवाजा मिटतो आणि मिटलेल्या दरवाजावर शहराची अख्खी तटबंदी उमटते. मी बटन दाबलं. पल्ले निघाले. आणि निम्म्यावर थांबले.

व्हिडिओ थांबला नाही, तो कशाला थांबेल? तटबंदी ठरल्या वेळी उमटली. अर्धी उजव्या पल्ल्यावर, अर्धी डाव्या, आणि मधला बुरूज थेट मागच्या लिंबाच्या झाडावर. शत्रूचं सैन्य बंद दरवाजावर धडका मारायला धावत आलं ते उघड्या दरवाजातून आरपार निघून गेलं. पाहुणे हसले. मान हलवून नव्हे, पोट धरून.

"मावशी! काय झालं?" मी ओरडलो.

"मांजर गेली वाटतं."

"वाटतं?"

"मला वाटलं. म्हनून उचलला पाय."

प्रयोगानंतर सगळ्यांनी शोधलं. मांजर नव्हती. मांजरीचा केससुद्धा नव्हता. अध्यक्षांनी मला एकट्याला बाजूला घेतलं. "दौरा मी कसाबसा वाचवलाय. पण पुन्हा एकदा असं झालं, तर तुम्ही आणि तुमचं ते टेबल, दोघंही घरी. मी पुण्याची पार्टी आणतो." मावशींना कोणी काही बोललं नाही. त्यांना बोलायची कोणाची छाती नव्हती. मीच जाऊन म्हणालो, "मावशी, निदान चुकलं तरी म्हणा."

"कशाला? मांजर असती तं?"

"पण नव्हती ना!"

"मंग चांगलंच झालं की," असं म्हणून त्या राजाचा जिरेटोप उसवायला बसल्या.

मला संताप आला. खरं सांगतो, त्या बाईबद्दल मला जेवढी माया होती तेवढाच त्या क्षणी राग आला. माझं सगळं काम, माझी पोटापाण्याची सोय एका नसलेल्या मांजरीच्या तोंडी! दौऱ्याच्या पहिल्या प्रयोगाआधी, सगळे जेवायला गेले असताना मी तो लोखंडी डबा उघडला आणि पायडलच्या वायरच्या दोन टोकांमधे वीतभर तार जोडून टाकली. झालं. आता पाय दाबलेला असो, उचललेला असो, मोटरीला वीज मिळणारच. डबा बंद केला, वर स्क्रू पिळले. दरवाजाला मी माझी स्वतःची सुरक्षा दिली आहे, कन्सोलवर थांबायचं बटन आहे, मी आहे, अशी मनाची समजूत घातली. मन काय, इंजिनिअरचं मन, लगेच समजलं.

तीन गावांत तीन प्रयोग झाले. मावशी चप्पल काढून बसत होत्या. "तयार?" "हाय." "गेला." दरवाजा अगदी सेकंदावर मिटत होता. अध्यक्ष खूश. "पाहिलंत? ताकीद दिली की माणसं सुधारतात," म्हणाले.

चौथा प्रयोग जालन्याला. आमच्यात पठाणभाई म्हणून एक होते. शहागंजात रिक्षा चालवायचे आणि महानाट्यात दरवान व्हायचे. अंगानं भरदार, मिशा खऱ्या. शेवटी मशाल घेऊन तेच सर्वांत मागून दरवाजातून आत यायचे आणि त्यांच्या पाठीमागे दरवाजा मिटायचा. त्या दिवशी त्यांच्या मोजडीचं टोक रुळाच्या खाचेत अडकलं. मला ते दिसलं नाही. मी प्रेक्षकांच्या मागे, शंभर पावलांवर. माझ्यापुढे माणसांची डोकी, धूर आणि माझे पडदे. मी बटन दाबलं होतं आणि माझ्या पडद्यावर दरवाजाचा आकडा उतरत होता. नव्वद. ऐंशी. बहात्तर.

"थांब!" कानात मावशींचा आवाज आला. "थांब रे! पाय उचललाय म्या! थांबंना!"

मला ऐकू आलं. खोटं कशाला बोलू? स्पष्ट ऐकू आलं. आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की, आली वाटतं मांजर. माझं बोट थांबायच्या बटनावर होतं आणि मी ते दाबलं नाही. दोन सेकंद असतील. जास्त नाहीत. नंतर मी ते दाबलं, पण तोवर कानात धाडकन आवाज झाला होता आणि मग काहीच नाही.

मावशींनी आपल्या बुडाखालचं लोखंडी स्टूल उचलून पल्ल्यांच्या मधे घातलं होतं. स्टूल चेपलं, मोटर गुरगुरून बंद पडली आणि त्यांनी पठाणभाईंना काखेत धरून मागे ओढलं. एवढीशी बाई आणि एवढा गडी, दोघंही धुळीत उताणे. पठाणभाईंच्या पायाच्या अंगठ्याचं हाड मोडलं. बस, तेवढंच. प्रेक्षकांना वाटलं हा नाटकाचाच भाग आहे. त्या प्रयोगातल्या सर्वांत जोरदार टाळ्या तिथं पडल्या. थांबायचं बटन फक्त मोटर थांबवायचं, आकडा नाही; माझ्या कन्सोलच्या पडद्यावर मात्र दरवाजा व्यवस्थित मिटला होता. शून्य टक्के, हिरव्या रंगात.

मी धावत पोचलो. दगडूभाऊ डबा उघडत होते. मी म्हणालो, "रिलेचा, वीज जोडणारा खटका चिकटला असेल." कोणी विचारलं नव्हतं, तरी म्हणालो. त्यांनी झाकण काढलं, आत पाहिलं आणि दोन बोटांनी ती तार उपसून काढली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बायकोच्या हातात नेऊन दिली.

मावशींनी ती तार उलटीसुलटी करून पाहिली. कोपर फुटलं होतं, साडीला माती. "कधीपासून?"

"हा चौथा प्रयोग," मी म्हणालो.

"म्हंजे चार प्रयोग म्या नुसताच पाय ठिवून बसले व्हय?"

त्या ओरडल्या असत्या, एखादी ठेवून दिली असती, तर बरं झालं असतं. त्या बारीक आवाजात म्हणाल्या, "यांच्या प्रेसला दोन बटनं व्हती. दोन्ही हातांनी दाबल्याबिगर प्रेस खाली यायची नाय, म्हंजे हात मधी ऱ्हायचाच नाय. सायबानं एका बटनात अशीच तार घातली. म्हनं, माल लवकर निघतो." मग दगडूभाऊंच्या हाताकडे पाहून म्हणाल्या, "त्यो साहेब बी असाच व्हता, हसरा. भाकरी खायचा आमच्या डब्यातली."

मला आयुष्यात एवढी लाज कधी वाटली नव्हती. आजही हे लिहिताना कान तापतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींनी मला मैदानावर बोलावलं. दरवाजा दुरुस्त झाला होता. पठाणभाई पाय प्लास्टरमधे घालून खुर्चीत बसले होते, हातात चहा. "बटनराव, तू फटीत उभा ऱ्हा," मावशी म्हणाल्या. "तिथं. रुळावर." आणि स्वतः शंभर पावलं चालत कन्सोलकडे गेल्या. पायडलवर दगडूभाऊ. मी त्यांना ओरडून सांगितलं कुठलं बटन ते. मला दुसरं काही सुचलं नाही.

पल्ले निघाले. शंभर पावलांवरून जो दरवाजा रेशमासारखा मिटायचा, तो आतून बघितला तर दोन्हीकडून दोन घरं चालून येत होती. रूळ खडखडत होते. "हिलना नक्को साब," पठाणभाई चहा पीत म्हणाले, "बहुत मजा आता." माझे पाय खरंच हलेनात. पल्ले वीतभर उरले, त्यांच्या रंगाचा वास माझ्या नाकात गेला आणि मी डोळे मिटले. तेव्हा दगडूभाऊंनी पाय उचलला. पठाणभाई एवढे हसले की चहा प्लास्टरवर सांडला.

मावशी परत आल्या. "कळलं?"

"कळलं."

"नाय कळलं. पर कळंल." आणि मग म्हणाल्या, "म्या नाय बसनार आता तिथं."

मी हातापाया पडलो. राजानं विनवलं. अध्यक्ष स्वतः येऊन म्हणाले, झालं गेलं विसरा. तारेचं मी त्यांना आदल्या दिवशीच सांगितलं होतं. त्यांनी मला का ठेवलं देव जाणे, बहुधा पुण्याची पार्टी महाग पडत असावी. मावशी ऐकेनात. रागावून नव्हे. "आता पाय ठिवला की मला दर खेपंला वाटनार, आत तार असंल का? फटीकडं बघू का डब्याकडं? असल्या मानसानं बसू नये." एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

पायडल त्यांनी माझ्याकडेच ठेवलं, घरी पायानं चालवायचं जुनं मशीन काढलं. जागेवर बसले पठाणभाई. प्लास्टर निघाल्यावर त्यांनीच मागून घेतली ती जागा. "मेरा अंगूठा गया, अब मेरेच अंगूठे पे भरोसा," म्हणाले. तेही उजवी चप्पल काढून बसतात.

आणि त्या दिवसापासून प्रत्येक प्रयोगाआधी मावशी कपडेपटातून येऊन मला विचारायच्या, "तार काढली का?"

"काढली."

"बघून सांग."

मी जायचो, डबा उघडायचो, बघायचो, परत येऊन सांगायचो. वर्षभरानं मावशींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, सुईत दोरा जाईना, तेव्हा दोघं पैठणला लेकीकडे राहायला गेले. मला वाटलं सुटलो. पहिल्याच प्रयोगाला फोन. "तार काढली का?" नंतर नंतर त्यांच्या फोनची वाट न बघता मीच करायला लागलो, प्रयोगाआधी अर्धा तास. राजाच्या, अध्यक्षांच्या, घोड्याच्या बातम्या द्यायचो. त्या आपल्या शेजारणींची टर उडवायच्या. शेवटी तीच दोन वाक्यं.

एकदा पाऊस भुरभुरत होता, मला कंटाळा आला. फोन हातात धरून जरा वेळ थांबलो आणि म्हणालो, "बघितलं मावशी, नाही तार."

"एवढ्यात?" मावशी म्हणाल्या. "शंभर पावलं हायेत जायला अन् शंभर यायला. म्या मोजलीत. जा, ऱ्हाते मी फोनवर."

मी चिखलातून गेलो. मनातल्या मनात शिव्या देत गेलो. तीन वर्षं झाली होती त्या तारेला, तरी ही बाई माझ्या शब्दावर एक पाऊल टाकायला तयार नव्हती. मला ते लागायचं. मी एकदा बोलूनही दाखवलं: "मावशी, अजून विश्वास नाही का माझ्यावर?" त्यावर त्या मनापासून हसल्या. "इस्वास हाय म्हनून तं इचारते. नसता तं पठानाला इचारलं असतं."

गेल्या थंडीत त्या गेल्या. न्यूमोनियाचं निमित्त झालं, चार दिवसांत कारभार आटोपला. पुण्यानुमोदनाला मी पैठणला गेलो. बुद्धवंदना झाली. कोपऱ्यात त्यांचं मशीन होतं, सुईखाली नातीचं अर्धं शिवलेलं परकर-पोलकं तसंच; दोरा नातच ओवून द्यायची. दगडूभाऊ माझ्याशेजारी तासभर बसले आणि दोनदा 'हं' म्हणाले. निघताना मला रडू आवरेना, तर त्यांनी पाठीवर तो दोन बोटांचा हात ठेवला.

पंधरा दिवसांनी संभाजीनगरातच प्रयोग होता. कन्सोलवरचं जरीचं पांघरूण काढलं, घडी केली, दिवे तपासले, व्हिडिओ तपासला. अर्धा तास उरला आणि माझ्या हातानं सवयीनं नंबर लावला. वाजायला लागल्यावर माझ्या लक्षात आलं. ठेवून द्यावा तर तिकडून उचलला होता.

"हॅलो," मी म्हणालो. "दगडूभाऊ, मी... प्रयोग आहे आज. चुकून लागला. ठेवतो."

पलीकडे श्वास ऐकू येत होता. मग घसा खाकरल्याचा आवाज आला.

"तार काढली का?"

"काढली," मी म्हणालो.

"बघून सांगा."

मी फोन कन्सोलवर चालू ठेवला आणि निघालो. प्रेक्षक येऊन बसत होते, त्यांच्या मधून, कडेकडेनं, मोजत गेलो. पठाणभाई चप्पल काढून बसलेले होते. मी डबा उघडला, आत बोट फिरवून पाहिलं, झाकण लावलं, स्क्रू पिळले आणि शंभर पावलं परत आलो. फोन उचलला. ते होते.

"बघितलं, दगडूभाऊ. नाही तार."

"हं," ते म्हणाले.